शेणखत आणि भाऊबीज

निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात. आमच्या ह्यांना लॉनचं वेड लागलं. छत्रपती संभाजीनगरात, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि दारापुढं हिरवळ! मी म्हणाले, घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. हे हसले आणि गवत आणायला नर्सरीत गेले.

खत मात्र माझ्या धाकट्या भावानं आणलं, कन्नडहून टेम्पो भरून. त्याच्याकडचं मुरलेलं शेणखत शेतात पडून संपलं होतं. पण आक्कानं तोंड उघडून मागितलंय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं अर्धकच्चंच भरलं. स्वतःच्या हातानं पसरलं, ताक प्यायला नि गेला.

पावसाळ्यात लॉन असं भरलं की येणारे-जाणारे फाटकाशी थांबायचे. हे रोज लव्हाळा उपटायचे, कापणी करायचे. भादव्यात जागोजागी पिवळे चट्टे पडले. पाणी वाढवलं, तरी चट्टे वाढतच गेले. शेवटी ह्यांनी गवत धरून ओढलं, तर ते गोधडीसारखं अख्खं वर आलं. खाली पांढऱ्या, वेटोळं घातलेल्या अळ्या मुळं फस्त करून बसलेल्या. हुमणी होती ती, कच्च्या खतातून आलेली.

भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळून झालं, तो जेवायला बसला, आणि ह्यांनी सकाळी खणून काढलेल्या अळ्यांनी भरलेला प्लास्टिकचा मग त्याच्या ताटापुढं आणून ठेवला. "बघा, तुमची ओवाळणी!" ह्यांना ती थट्टा वाटली होती.

भावाचा घास हातातच राहिला. "व्हय दाजी, चुकलं माझं. लई घाई केली," एवढंच तो बोलला. ताट मात्र पूर्ण संपवलं. अन्न टाकून उठणारा नाही तो. तो अळ्यांचा मग उचलून मी बाहेर का भिरकावला नाही, याची चुटपुट मला अजून लागते.

त्यानंतर तो आमच्या दारी आला नाही. दर उन्हाळ्यात जीपवाल्याबरोबर शेणखताच्या गोण्या तेवढ्या येतात. वर्षभर मुरवलेलं, चाळून घेतलेलं, चहाच्या भुकटीसारखं खत. लॉन आता बारा महिने छान असतं. हे थंडीत उन्हं वर आल्यावर पाणी देतात, उन्हाळ्यात गवत जरा उंच ठेवतात, माझं भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा पळवतात. लोक कौतुक करतात आणि मला त्या हिरव्या रंगाचा संताप येतो.

ह्यांनी फोनवर माफीही मागितली. "तसं काय नाय दाजी. उसाची तोड चालूय, जमत नाय," असं म्हणाला. मी कन्नडला गेले की लाड करतो, परतताना पिशवी भरून देतो. पण भाऊबीजेला भावानं बहिणीच्या दारी यायचं असतं.

यंदाही मी पाट मांडला, तबक तयार केलं. संध्याकाळी फोन आला, तेच उसाचं कारण. मी तबक हातात घेऊन उगीचच बाहेर आले. हे लॉनवर उभे होते. मावळतीला बीजेची बारीक कोर दिसत होती.

"चंद्राला ओवाळ यंदा," हे खाली बघत म्हणाले.

"ते भाऊ नसलेल्या बायकांनी करायचं. मला भाऊ आहे," मी म्हणाले, आणि तबक तसंच आत नेलं.