मामांचा उजवा डोळा

“शिली! सगली शिली हाय! या टोकापासून त्या टोकापरत एक मच्छी ताजी निघाली तर मिशी काढून देईन!”

पनवेलच्या मासळीबाजारात भर सकाळी असं ओरडलेला माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी घरी पोचल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण ओरडत होते माझ्या बायकोचे थोरले मामा, आणि मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या समुद्रात आजवर जेवढे मासे मेले असतील, त्यातल्या प्रत्येकाची मरणवेळ सांगू शकेल असा हा पृथ्वीवरचा एकमेव माणूस. त्यामुळे कोळणींचे हात जागच्या जागी थांबले. पिशवी धरायला म्हणून बरोबर गेलेला मी, बर्फाच्या पेटीमागे लपायला जागा मिळते का ते पाहू लागलो.

मामांची भातखाचरं जिथे होती तिथे आता टॉवर आहे आणि त्याच टॉवरात, जुन्या बांधाच्या बरोब्बर वर, मामा राहतात. इंटरकॉम त्यांना मान्य नाही. गॅलरीतून ते वॉचमनला हाक मारतात आणि तिकडे तळोज्याच्या कारखान्यात पाळी सुटली असं समजून माणसं डबे उचलतात. पण हे सगळं किरकोळ. मामांचं खरं रूप पाहावं ते पापलेटसमोर. डावा डोळा घट्ट मिटायचा, मासा उचलून नाकाला नाक लागेपर्यंत जवळ आणायचा, आणि उजव्या डोळ्याने त्याच्या डोळ्यात बघत राहायचं. डोळा फुगीर आणि काचेसारखा लख्ख असला तर मासा ताजा, त्यावर धुकं उतरलं की शिळा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मामा मात्र पुढचं वाचतात. “ही उरणच्या बाजूची. पहाटं जाल्यात आली. मरताना रागावलेली व्हती.” हे बघणं इतका वेळ चालतं की त्यांची नेहमीची कोळीण एकदा म्हणाली, “दादूस, पापलेट घेतो का सून बघतो?” माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मलाही खिडकीशी नेऊन तसंच पाहिलं होतं आणि सासूबाईंना निकाल दिला होता, “चालंल. पण लवकर उरकून घ्या.”

अशा या नामांकित डोळ्यात गेली काही वर्षं एक विषाणू मुक्कामाला आहे. हर्पिस. तापानंतर ओठावर फोड येतात ना, त्याच जातीचा. एकदा डोळ्यात आला की तो कायमचा जात नाही. मज्जातंतूत झोपून राहतो आणि ताप आला, ऊन लागलं, दगदग झाली की उठून पुन्हा बुबुळावर येतो. मामा त्याला ‘पावना’ म्हणतात. मागच्या खेपेला पावना आला तेव्हा मामा अंधाऱ्या खोलीत टॉवेल बांधून बसले होते आणि डोळ्यातून अशी धार लागली होती की खालच्या मजल्यावरचे लोक गळतीची तक्रार घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात फोटो काढला, तर बुबुळावर हिरवीगार, फाटे फुटलेली फांदी! मामांनी तो फोटो व्हॉट्सअॅपला लावला. दुसऱ्या दिवशी पळस्प्याच्या एका जमीन-दलालाचा फोन, “मामा, लेआउट झकास हाय. आतले रस्ते किती फुटी?” मामांनी कोपऱ्यावरचा प्लॉट त्याला जवळजवळ विकलाच होता, मामींनी फोन काढून घेतला म्हणून डोळा घरात राहिला.

तर, बाजारात. नेहमीच्या कोळणीने पापलेट उचललं आणि मामांच्या नाकासमोर धरलं. “दादूस, कल्ला बघ. लाल हाय का नाय? आता उतरलीय गाडीतून.” मामांनी कल्ला उचलला. कुंकवासारखा लाल. डोळ्यात पाहिलं. धुकं. परत कल्ला, परत डोळा. मग त्यांनी उजवा डोळा चोळला, आणि मी त्यांना ओळखू लागल्यापासून पहिल्यांदाच तो मिटून डावा उघडला.

लग्नात, मयतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही मी मामांना गप्प पाहिलेलं नव्हतं. भाव न करता त्यांनी पापलेट घेतलं, तेव्हा मात्र कोळीण घाबरली. “अगो बाय, दादूसला कायतरी झालंय!” मामा माझा दंड धरून हळू म्हणाले, “जावय, गाडी डॉक्टरीणबाईकडं घ्या. धुकं मच्छीच्या डोल्यात नाय.”

वाटेत कळलं, आठवडाभर डोळा किंचित लाल होता. पण दुखत नव्हता, म्हणून मामांनी कोणाला सांगितलं नाही. पावना माणसाळला, अशी त्यांची समजूत.

डॉक्टरीणबाईंनी कापसाची बारीक वात केली आणि हळूच बुबुळाला टेकवली. तुमचा-माझा डोळा लगेच मिटला असता. मामांची पापणीही हलली नाही. “बघितलं? दगड हाय, दगड!” मामा खुर्चीतून बाहेरच्या पेशंटांना ऐकवत म्हणाले. “पास!”

“नापास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वारंवार येऊन त्याने बुबुळाची जाणीवच कमी केलीय. म्हणून दुखलं नाही. आता दुखण्याची वाट बघायची नाही.” मग रंग, निळा उजेड. या वेळी फांदी नव्हती. नुसते बारीक बारीक ठिपके, फांदी धरायच्या आधीचे. त्यांच्याभोवती पुसट धुकं.

मामांनी पिशवीतलं पापलेट मांडीवर घट्ट धरलं होतं. “बाई,” त्यांनी विचारलं, आणि तो आवाज वॉचमनपर्यंतसुद्धा पोचला नसता, “मला दिसंल ना?”

“आज आलात म्हणून दिसेल. फांदी होऊन खोल गेली असती तर पांढरा डाग राहिला असता. मी देते ते थेंब आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि लाली उतरवायला दुकानातून कुठलेही थेंब आणून घालायचे नाहीत, कोणीही सांगितले तरी.”

पुढचे दिवस मामींनी थेंबांच्या वेळा अशा पाळल्या की देवाची आरती मागेपुढे झाली, थेंब नाही. बाजारातून निरोप येत होते, दादूस कुठं हाय, परीक्षा घेतल्याशिवाय मच्छी विकायला मजा नाय. आणि डॉक्टरीणबाईंनी ठिपके गेले असं सांगितलं त्या दुपारी मी मामांकडे बसलो होतो. मामी थेंब घालायला त्यांच्यावर वाकल्या. मामांनी सवयीने डावा डोळा मिटला, मामींचा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळ आणला आणि उजव्या डोळ्याने पाहत राहिले. कितीतरी वेळ. पापलेटकडेही इतका वेळ पाहिलं नसेल.

“अगो,” ते म्हणाले, “तुझं केस कवा पिकलं?”

मामींनी बाटलीला झाकण लावलं. “तुमी पापलेट बघत होता तवा.”