शब्द वापस घेतले, पण मनातलं?

मंडळी, आज सकाळी परतवाड्याच्या माझ्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना तीन इंग्रजी क्रियापदं शिकवली. विथड्रॉ म्हणजे दिलेला अर्ज किंवा प्रस्ताव मागे घेणं. रिट्रॅक्ट म्हणजे बोललेलं विधान मागे घेणं. आणि रिकँट म्हणजे आपलं मतच जाहीरपणे सोडून देणं. आपण मात्र तिन्हींना 'मागे घेतलं' म्हणून मोकळे होतो.

दुपारी बहिणीकडे गेले. भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलंय. तिचे होणारे सासरे काल फोनवर बोलून गेले होते, "सुनेले नोकरी कायले पाह्यजे?"

आज ते तेल्हाऱ्याहून स्वतः आले. "कालचे माहे शब्द मी वापस घेतो," म्हणाले. बहिणीचा जीव भांड्यात पडला.

चहा देता देता भाचीनं विचारलं, "काका, शब्द वापस घेतले. पण तुमाले अजूनही तसंच वाटते काय?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"खोटं कायले बोलू, पोरी? वाटते. मनाले टाइम लागन."

"मंग साक्षगंधालेही टाइम लागू द्या," ती म्हणाली.

ते गेल्यापासून बहीण तिच्या मागे लागली आहे, आत्ताच्या आत्ता फोन कर आणि शब्द वापस घे. भाची माझ्याकडे वळली, "मावशी, घेईन वापस. पण मलेही तसंच वाटत राह्यलं तं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?