वर दिसणारं खत

गावोगाव खताचं शिकवत फिरणाऱ्या त्या माणसाला आम्ही तोंडावर 'साहेब' म्हणायचो. पाठीमागं काय म्हणायचो ते लिहीत नाही. निजाम जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी याचा रुबाब तालुकदाराचा. नळदुर्गाहून सायकलवर यायचा, बांधावरच उभा राहायचा आणि दर वाक्याला 'समजलं का?' विचारायचा. उत्तराला मात्र कधी थांबायचा नाही.

पांढरं खत चाळलेल्या शेणखतात कालवून, तिफणीला बांधलेल्या वेगळ्या नळीतून बियाच्या जवळ ओल्या मातीत सोडावं, हे त्यानंच चावडीत सांगितलं होतं. रस्त्याकडेच्या माझ्या रानात नमुन्याचा गहू पेरायचं ठरलं. मी सगळी तयारी केली. पेरणीच्या दिवशी त्यानं ती नळी काढायला लावली आणि सगळं खत हातानं वरच फेकायला सांगितलं.

"साहेब, वरची माती कोरडी ठाक हाय. मुळ्यांना कसं घावंल?"

"उद्या मोठे साहेब जीपमधून बघणार. गाडलेलं त्यांना दिसंल का? समजलं का?"

जीप आली आणि न थांबता गेली. गहू वीतभर वाढून पिवळा पडला.

पुढं एका कागदावर सही घ्यायला त्याच्या घरी गेलो. परसात हा उकिडवा बसला होता. वांग्याच्या एकेका रोपाशेजारी बोटानं खड्डा करून, तेच पांढरं खत चिमटीनं सोडून, वर माती लोटत होता.

"उघडं टाकलं की वाया जातं," मान वर न करता तो म्हणाला. "समजलं का?"

"आज समजलं, साहेब," मी म्हणालो.