अण्णांच्या बिल्डिंगमधला चौक

नकाशा मंजूर झाला की फाइल बंद होते, किस्से मात्र साठतच जातात. आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात तर अण्णांचं नाव निघालं की चहा दुसऱ्यांदा मागवावा लागतो! अण्णा मूळचे सिन्नरचे, आता नाशकात बिल्डर. पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या प्लॉटची बिल्डिंग मी आणि माझा भागीदार मिलिंद डिझाइन करत होतो.

पहिल्या मीटिंगला मी तासभर प्रेझेंटेशन दिलं. "मिक्स्ड यूज, अण्णा! खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. आणि मध्यभागी मोकळा चौक. झाड, बाकं. कुणीही यावं, बसावं." त्या चौकावर माझा खरंच जीव होता.

अण्णा म्हणाले, "मॅडम, आमचं सिन्नरचं घर असंच होतं. खाली दुकान, वर आम्ही. गवंड्यानं बांधलं, प्रेझेंटेशन न देता!"

*

कोपऱ्यातलं दुकान अण्णांनी मिसळवाल्याला दिलं. बरोब्बर त्याच्या वर पोटविकारांच्या डॉक्टरांचं क्लिनिक. मी म्हटलं, "अण्णा, तर्रीचा सगळा धूर वर जाईल."

"मिक्स्ड यूजमध्ये लोकांचं चालणं वाचतं, असं तुम्हीच म्हणालात ना? खाली मिसळ, वर पोटाचे डॉक्टर!"

*

मग चौकावर संक्रांत आली. अण्णांना तिथे दोन दुकानं दिसू लागली. मी रडकुंडीला आले, तेवढ्यात अण्णांचे वास्तुवाले गुरुजी म्हणाले, "मध्य म्हणजे ब्रह्मस्थान. ते मोकळंच पाहिजे." आयुष्यात पहिल्यांदा मी वास्तुवाल्याच्या पाया पडले!

पुढच्या मीटिंगला अण्णांनी विचारलं, "गुरुजी, मोकळं म्हणजे किती?"

गुरुजींनी आधी अण्णांकडे पाहिलं, मग नकाशाकडे. "तत्त्व महत्त्वाचं, माप नाही." आणि पाइपांच्या डक्टवर बोट ठेवलं. "हे मोकळंच आहे की!"

*

दुकानं बसवून उरलेल्या तुकड्यात मी निदान दोन बाकं मागितली. अण्णांनी एटीएम आणलं. "लोक रांगेत उभे राहतील. चार माणसं जमली की झाला चौक!"

मिलिंद फिदीफिदी हसला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सुधारित नकाशावर मीच मुकाट्याने सही केली, हेही सांगून टाकते.

*

सेल्स ऑफिसात काचेच्या पेटीत बिल्डिंगचं मॉडेल होतं, अगदी पहिल्या नकाशाप्रमाणे. चौक, झाड, बाकांवर इवलीशी माणसं. मी म्हटलं, "हे आता बदलायला हवं, अण्णा. ही फसवणूक आहे."

"अजिबात हात लावू नका! गिऱ्हाईक चौक बघूनच तर येतं."

*

उद्घाटनाला अण्णांचे वडील तात्या सिन्नरहून आले. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. अण्णा पाहुण्यांत गुंतलेले. तात्या जरा दुकानाच्या पायरीवर टेकले, तर वॉचमन धावला. "आजोबा, इथं बसायला मनाई आहे." त्याने अण्णांनी लावलेला बोर्डही दाखवला. तात्या एटीएमच्या कट्ट्यावर गेले. तिथूनही त्याने उठवलं.

मी त्यांना हाताला धरून सेल्स ऑफिसात नेलं. तिथल्या सगळ्या खुर्च्या पाहुण्यांसाठी बाहेर गेलेल्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अण्णा धावत आले. "तात्या, कशी वाटली बिल्डिंग?"

"लय मोठी हाय," तात्या म्हणाले. मग वाकून त्यांनी मॉडेल नीट न्याहाळलं आणि झाडाखालच्या बाकावर, काचेवरूनच, बोट टेकवलं.

"मला हितं नेऊन बसव."