आत्याबाईंच्या खरवडीचं आइस्क्रीम

आमच्या घरचं आइस्क्रीम भोरात 'करपलेलं' म्हणून प्रसिद्ध होतं. म्हणणारे नाक मुरडून म्हणायचे आणि दुसरी वाटी मागायचे. ते करायच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या विधवा बहीण. वयाच्या पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून भावाच्या घरी. डोक्यावर विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर, सोवळं असं कडक की मांजर शिवलं तरी पुन्हा अंघोळ. मी सून म्हणून आले तेव्हा संस्थान होतं, आणि सबंध गल्लीत सोवळ्याचा दाखला द्यायचा तर त्यांचाच देत.

वैशाखात पाहुणे जमले की पुण्याहून सर्व्हिस मोटारीनं बर्फ मागवायचा. गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेली लादी कात्रजचा घाट चढून उतरून भोरला पोचेपर्यंत अर्धी व्हायची. पण त्याआधीचं खरं काम सकाळीच स्वयंपाकघरात झालेलं असे. आत्याबाई पातेलंभर म्हशीचं दूध मंद आचेवर ठेवायच्या आणि ढवळायच्याच नाहीत! दुसरी कुणी असती तर सासूबाईंनी तिला फाडून खाल्लं असतं. दूध तळाला धरलं, त्याचा खरपूस वास सुटला की उलथन्यानं ती तांबूस खरवड खरवडून दुधातच मिसळायची, आणि पुन्हा धरू द्यायचं. असं चार-पाच वेळा. मग लोखंडी कढईत साखर कोरडीच जाळायची. "धूर यायच्या आत उतरव गं. एक श्वास उशीर झाला की कडू," त्या म्हणायच्या. त्या वितळलेल्या तांबड्या साखरेवर आटीव दूध ओतलं की कढई अशी फसफसायची की मी दोन पावलं मागे सरायची.

हे सगळं त्या वासावर करायच्या. चाखणं नाही. दूध निवलं की हातातलं उलथनं ठेवून त्या बाजूला व्हायच्या. पुढचा पॉट, मीठ, बर्फ आमच्याकडे. पुण्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा, कुणाकुणाच्या हातचा, देव जाणे. तो सोवळ्यात चालायचा नाही. परसात फणसाखाली आम्ही पॉट फिरवायचो तेव्हा त्या मागच्या दाराच्या उंबऱ्याआत उभ्या राहून बघायच्या. इतकी वर्षं केलं, पण त्यातला एक थेंब त्यांच्या जिभेवर गेलेला नव्हता.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात, खरवड काढता काढता, त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मुली, आज माझ्यापुरतं चमचाभर ठेवशील? कुणाला बोलू नकोस हो."

मला हसू आलं, पण मी दाबलं. "ठेवीन की," म्हटलं.

दुपारी सगळ्यांची खाणी झाल्यावर मी तळाचं घट्ट आइस्क्रीम एका वाटीत घेतलं आणि माजघरात गेले. त्या माळ घेऊन बसल्या होत्या. माळ खाली ठेवली, हात पुढे केला. तो हात मला अजून दिसतो. तेवढ्यात सासूबाई दारात.

"वाटी कुणाला गं?"

आत्याबाईंनी हात मागे घेतला. "तिलाच. सगळ्यांना वाढता वाढता स्वतः राहिली. म्हटलं, इथं सावलीत बसून खा."

सासूबाई हलेनात. कोपऱ्यातल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. मग काय करणार, बसले आणि खाल्लं. आत्याबाईंच्या समोर, त्यांच्या वाटणीचं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कसं लागतं गं?"

"गार," मी भरल्या तोंडानं म्हटलं.

"गार ते ठाऊक आहे. खरवड लागते का?"

"अहो, जीभ बधिर झालीय, चव कुठली कळतेय!" असं म्हणून मी हसले. जळलं मेलं माझं हसणं. चव कळत होती. चांगली कळत होती. दोन वाक्यं धड बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, घाई काय आहे, पुढच्या वैशाखात देऊ गुपचूप.

आषाढात त्यांना ताप भरला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या.

दहाव्याला पुरुषमंडळी नीरेच्या घाटावर गेली. आम्ही बायका घरी. पिंडाला कावळा शिवला की मेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही असं समजायचं, आणि नाही शिवला तर काहीतरी राहिलंय. मग जवळच्या माणसानं ते ओळखून बोलून दाखवायचं, पुरं करतो म्हणून शब्द द्यायचा. बारा वाजून गेले, पावसाची झड थांबेना, आणि घाटावरून कुणी परतेना. शेवटी धाकटे दीर निथळत मागच्या दारी आले.

"कावळा शिवत नाही. समोर फांदीवर बसलाय, खाली उतरत नाही. बाबांनी सगळं बोलून झालं. काशीला जाऊ म्हणाले, तुळशीला पाणी चुकवणार नाही म्हणाले. काकुळतीला आलेत हो. आठवा, तिचं काही राहिलं होतं का?"

एकजण म्हणाली पंढरपूर, दुसरी म्हणाली माहेरचा देव. सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मी खांबाला टेकून उभी होते आणि मला ठाऊक होतं. बोलले तर पन्नास वर्षांचं सोवळं एका शब्दात मातीत जाणार. नाही बोलले तर त्या तशाच अडकून राहणार. आणि आता खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांची कणव आली नाही, मला भीती वाटली. त्या याच घरात राहतील, चुलीपाशी राहतील, माझ्या तोंडाकडे बघत राहतील. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"त्यांना आइस्क्रीम खायचं होतं."

मग सासूबाई म्हणाल्या, "वन्संना?" दिरांनी ओठ दाबले, पण हसू डोळ्यांत आलंच, आणि ते तसेच पावसात पळत गेले.

दोनच्या सुमाराला सगळे परतले. दीर दारातूनच ओरडले, "शिवला! वहिनी, आइस्क्रीम म्हणताक्षणी शिवला!" सासरे कुणाकडे न बघता सरळ न्हाणीघरात गेले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले, हेही सांगायला हवं.

पण गोष्ट घराबाहेर पडायला कितीसा वेळ लागतो? आठ दिवसांत आंबवड्याची दूधवाली दुधाचं मापटं उपडं करता करता म्हणाली, "म्हातारीचा जीव आइसक्रिमात अडकला व्हता म्हनं? लई हसलो बाई आमी!" दिवाळीपर्यंत ती गोष्ट वेल्ह्याच्या बाजारात पोचली. पुढच्या वैशाखात पॉट उघडला की पोरं पहिला चमचा फणसाखाली टाकायची आणि ओरडायची, "आत्याबाई, या, घास घ्या!" मोठी माणसं हसायची. आत्याबाईंचं सोवळं, व्रतं, रात्ररात्र दुखणाइतांच्या उशाशी बसणं, सगळं पुसलं गेलं. उरलं ते आइस्क्रीम मागणारं भूत.

दूध आटवायचं काम माझ्याकडे आलं. तळाला धरायला लागलं की माझ्या मागे कुणीतरी उभं राहून वास घेतंय असं वाटायचं. वळून बघायची हिंमत नसायची. मी ओठातल्या ओठात म्हणायची, "लागते हो खरवड. चांगली लागते. थोडी कडसर, मग गोड." दर खेपेला थोडं नवं सांगायची. साखर मात्र भीतीनं नेहमी लवकर उतरवायची, म्हणून माझं आइस्क्रीम त्यांच्यासारखं कधी झालं नाही.

संस्थान विलीन झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. मी कढईत साखर घातली होती, आणि यजमान दारात येऊन उभे राहिले.

"तू अजून एकटी बोलतेस का गं चुलीपाशी?"

मी कढईतली साखर हलवली.

"एक सांगतो. रागावू नकोस. तो कावळा शिवला नव्हता."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण चेहरा चेष्टेचा नव्हता. "बाबांना तो शब्द तोंडातून काढवेना. रडायला लागले. मग कसंबसं म्हणाले, अक्का, आइस्क्रीम देईन गं. तीनदा म्हणाले. कावळा उडाला तो पलीकडच्या तीराला गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. वाटेत धाकटा म्हणाला, घरी बायका घाबरल्यात, शिवला म्हणून सांगू. आम्हाला काय ठाऊक, एवढं पसरेल."

कढईतून धूर निघत होता. मला हात उचलवेना. म्हणजे मी त्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडली, गावानं इतकी वर्षं हसून घेतलं, आणि त्या बदल्यात त्यांना काही म्हणजे काही मिळालं नाही. सुटकाही नाही. त्यांना काय हवं होतं ते मला कधी कळलंच नव्हतं, आणि मी मात्र ठणकावून सांगून मोकळी झाले होते.

यजमान बाहेर गेले. साखर जळून कोळसा झाली, खोलीभर काळा धूर. मी चुलीसमोर बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं.

"आत्याबाई, गेलात का हो?" मी मोठ्यानं विचारलं. आणि देवाशपथ सांगते, त्या गेल्या असतील या विचारानं मला रडू आवरेना.