कठडा झालाच पाहिजे

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली, आणि दारासमोरचाच गॅलरीचा कठडा कुजून पडलेला. मालकानं दुरुस्ती केली म्हणजे काय, तर दोन बांबू सुतळीनं बांधले आणि वर हिरवा रंग फासला. बाळ नुकता रांगायला लागलेला, त्याला मी जुन्या लुगड्यानं खाटेला बांधून भाकऱ्या थापायची.

एकदा मालक स्वतःच आला. "बघा, कसा मजबूत केलाय!"

"मग जरा टेकून दाखवा की, शेठ."

"मी कशाला? तुम्ही टेका!"

नवरा गिरणीत, मी एकटी, बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले, आणि रोज संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात ऐकायची तेच तोंडातून निघालं, "कठडा झालाच पाहिजे!"

झालं! कोणी भांडी घासत होती, कोणी तांदूळ निवडत होती, पण सवयीनं सगळी गॅलरी ओरडली, "झालाच पाहिजे!" खालच्या मजल्यानंपण साथ दिली, कशाला ते ठाऊक नसताना.

मालकानं टोपी सावरली. "अहो बाई, मोर्चा कशाला काढता? धाडतो की सुतार!"

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. मला वाटलं, घोषणा दिली म्हणून पोलीसच आले, मी कडीच काढेना. बाहेर सुतार वैतागलेला, "अवो वयनी, फळ्या घेऊन उभा हाय, शेठनं कठड्याला धाडलंय, कडी तरी काढा!"