उजवीकडची उंच दाढ

समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे न बघता ते हनुवटीकडे बघायचे. टीव्हीवर कुणाचं भाषण लागलं की आवाज बंद करून नुसता त्याचा जबडा बघत बसायचे. चहाचा घोट घेतला की दात दोनदा मिटायचे आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचे. आवाज पसंत पडला नाही तर खिशातून निळ्या कागदाची पट्टी निघायची. ती दाढांत धरायची, चावायची, आरशात बघायचं. जो दात आधी टेकतो त्याच्यावर निळा ठिपका उमटतो. तेवढा ठिपका घासला की वरचे-खालचे दात पुन्हा एकदम टेकतात.

ते कवळ्या बनवायचे. गल्लीत सगळे त्यांना बत्तीशी म्हणत. मी बत्तीशीकाका म्हणायचो. त्यांच्या कारखान्यावरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. संध्याकाळचा चहा खालीच व्हायचा.

"तुम्ही साहित्यवाले शब्द जुळवता," ते म्हणायचे. "नाही जुळला तरी कुणी उपाशी राहत नाही."

यंदा त्यांची उजवीकडची एक दाढ उंच लागायला लागली. त्यांनी ती घासली. काही दिवसांनी पुन्हा लागली. पुन्हा घासली. दुखायचं मात्र डावीकडे, कानाच्या पुढे.

"डॉक्टरला दाखवा," काकू म्हणायच्या.

"तो मलाच विचारेल."

काका घासत राहिले.

मग त्यांची थोरली बहीण आली. ताईंचे सगळे दात कधीच गेले होते. कवळी म्हटलं की त्या तोंड फिरवायच्या. आता गिळगिळीत खाऊन कंटाळल्या होत्या. दवाखान्यात जायचं नाही, माप भावानेच घ्यायचं, असा त्यांचा हट्ट. मला दिवा धरायला बोलावलं.

दात नसलेली माणसं जबडा पुढे काढून तोंड मिटतात. त्या मापावर कवळी केली तर पहिल्याच घासाला निसटते. म्हणून काका जीभ मागे टाळूला लावून गिळायला सांगत. मग जबडा आपल्या जागी जातो.

"ताई, जीभ टाळूला. गिळ. आता मिट."

"किती गिळू? थुंकी संपली माझी."

"हनुवटी पुढे काढू नकोस."

"लहानपणापासून माझी हनुवटी खुपते तुला." ताईंनी मापाची मेणाची पट्टी तोंडातून काढून हातात घेतली. हसता हसता त्या थांबल्या. "आणि तुझी रे? तुझी कुठे चालली आहे?"

"कुठे?"

"उजवीकडे. बोलताना सगळं तोंड तिकडे पळतंय. दिवसभर आरशात दात बघतोस, एवढं दिसत नाही?"

काका आरशासमोर गेले. हळू तोंड उघडलं. वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमधल्या फटी एका रेषेत हव्यात. खालची फट बाजूला गेली होती. तोंड जसं उघडत गेलं तशी ती आणखी सरकली.

त्यांनी फळीवरून एक जुना प्लास्टरचा साचा काढला. धंदा शिकताना त्यांनी स्वतःच्याच दातांचा केलेला. वरचा भाग खालच्यावर ठेवला. चपखल बसला. त्यातल्या उजव्या दाढेला चांगलं टोक होतं. काकांनी जीभ तोंडातल्या दाढेवरून फिरवली. बराच वेळ फिरवत राहिले.

"दाढ उंच नव्हतीच," ते म्हणाले.

"मला कळेल असं सांग."

"डावीकडून काहीतरी जबडा ढकलतंय, ताई. म्हणून उजवी बाजू आधी टेकते. मी ती घासायचो. दात जुळले की वाटायचं, बरा झालो."

ताईंनी हातातली मेणाची पट्टी टेबलावर ठेवली.

"चल," ताई म्हणाल्या. "डॉक्टरकडे."

"तुझं माप..."

"खड्ड्यात गेलं माझं माप. चप्पल घाल."

सांध्याशी गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "तोंड मिटताना फरक जाणवला नाही का?"

"जाणवला ना," काका म्हणाले. "मी दुरुस्त केला."

काकूंनी खाली बघितलं.

गाठ किती आत गेली आहे ते ऑपरेशनशिवाय कळणार नव्हतं. तारीख मिळेपर्यंत काका कारखान्यात बसत. बाकीची सगळी कामं त्यांनी ओळखीच्या कारागिराकडे पाठवून दिली. ताईंची कवळी तेवढी ठेवली. तिचं माप त्यांनी पुन्हा घेतलं. ताई या वेळी मुकाट्याने गिळत होत्या, मिटत होत्या. त्यांचं लक्ष भावाच्या हनुवटीवर होतं.

रोज सकाळी काका बोटं एकावर एक धरून तोंडात घालून बघायचे. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात. त्यांची आधी दोन मावायची. मग एकच. बोलणं दातांआडून यायला लागलं. काकूंचे जबडे सारखे आवळलेले असायचे.

"सैल सोड," ते काकूंना म्हणाले. "दाढा झिजतील."

"झिजू देत," काकू म्हणाल्या. "घासायला बसला आहात ना तुम्ही?"

काका दातांआडूनच हसले. काकूही हसल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दवाखान्यात जायच्या दिवशीही ते कारखान्यात होते. जबड्यासारखी उघडझाप करणाऱ्या पितळी बिजागरीवर कवळीचा मेणाचा साचा चढवलेला होता. ते एकेक दात चिमट्याने उचलून, गरम सुरीने मेण वितळवून बसवत होते. दारात रिक्षा उभी होती. काकूंनी दोनदा हाक मारली.

"वरचे झाले," ते मला म्हणाले. "खालच्या दाढा मी परत आल्यावर. त्या घाईने लावायच्या नसतात."

गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. ती सोडवताना रक्त थांबलं नाही. डॉक्टर बाहेर आले, ताईंकडे बघून काकूंशी बोलले, आणि परत आत गेले. मी जिना उतरून खाली आलो आणि पुन्हा वर गेलो. का, ते मला अजून सांगता येत नाही.

काकांच्या तेराव्यानंतर ओळखीचा कारागीर आला होता. ताईंचं काम पुरं करून देतो म्हणाला. ताई म्हणाल्या, बघू.

पितळी बिजागरी टेबलावर आहे. वरचे दात सगळे बसलेत. खाली पटाशीचे आहेत, दोन्ही सुळे आहेत. मागे मेण सपाट आहे. खालच्या दाढा शेजारी डबीत आहेत.